झडप : पोटातले छिद्र, लोंबती नळी आणि मैदानातली मुले

१/
इ.स. १८३१. मिसिसिपी नदीच्या पात्रात एक उघडी होडी चालली आहे. होडीत नवरा, बायको आणि त्यांची लहान मुले. आजच्या विस्कॉन्सिनमधील प्रेअरी दु शीन येथून निघून मिसिसिपी, ओहायो, पुढे ईरी आणि ऑन्टारिओ ही सरोवरे, असा प्रवास करत हे कुटुंब मॉन्ट्रियलला पोहोचणार आहे. होडी नेणाऱ्या पुरुषाच्या डाव्या छातीखाली एक छिद्र आहे आणि ते थेट जठरात उघडते.

२/
पोटाला कायमचे छिद्र असलेला देह अंगमेहनत करू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर त्या होडीने १८३१ मध्येच दिले होते. तरीही पोटात नळी असलेल्या मुलाने पोहण्याच्या शर्यतीत उतरावे किंवा शाळेच्या संघातून धावावे, ही कल्पना रुळायला पुढे दीड शतकाहून अधिक काळ गेला. एवढा विलंब का झाला, त्याचा हा इतिहास. 🧵

३/
प्रथम विषयाची ओळख. काही मुलांना तोंडाने पुरेसे अन्न घेता येत नाही. कोणाची अन्ननलिका जन्मतःच अपुरी असते, कोणाला गिळताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सिस्टिक फायब्रोसिससारख्या आजारात तर खाल्लेले अंगी लागत नाही आणि श्वास घेण्यातच बरीच शक्ती खर्च होते. अशा मुलांना नाकातून किंवा थेट पोटावरील छिद्रातून जठरात नळी घालून अन्न दिले जाते. पोटावरील या मार्गाला वैद्यकात ‘गॅस्ट्रोस्टॉमी’ म्हणतात.

४/
आपल्याकडे ‘नळी लावली’ हे वाक्य हलक्या आवाजात उच्चारले जाते. मराठी घरांना परिचित असते ती बहुधा रुग्णालयातली ‘राईल्स ट्यूब’. लंडनमधील वैद्य जॉन राईल यांच्या नावाची ही नाकातली नळी साधारण शंभर वर्षांपूर्वीची आहे. नाकात नळी म्हणजे खाट, खाट म्हणजे गंभीर आजार, हे समीकरण मनात इतके घट्ट बसले आहे की नळी असलेले मूल डोळ्यांसमोर आणताना आपण त्याला आडवेच पाहतो.

५/
आता पुन्हा होडीकडे. त्या माणसाचे नाव अलेक्सिस सेंट मार्टिन. अमेरिकन फर कंपनीसाठी होड्यांतून माल वाहणारा हा फ्रेंच-कॅनेडियन तरुण. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॉ बेटावरील कंपनीच्या दुकानात, अगदी जवळून, चुकून बंदूक उडाली. बरगड्या फुटल्या, जठराला भोक पडले. लष्करी शल्यवैद्य विल्यम ब्यूमॉन्ट यांनी उपचार केले, पण तो जगेल अशी आशा त्यांनाही नव्हती.

६/
तो जगला; जखम मात्र मिटली नाही. जठराच्या भोकाच्या कडा कातडीच्या जखमेला चिकटून भरून आल्या आणि कायमचे छिद्र राहिले. सुरुवातीला खाल्लेले अन्न त्यातून बाहेर पडे, म्हणून घट्ट पट्टी बांधावी लागे. पुढे जठराच्या अस्तराची एक घडी आतून छिद्रावर आली आणि तिने ते झाकून टाकले. बोटाने आत ढकलली तर ती उघडे, एरवी बंद राही. निसर्गाने तयार केलेली ही झडप होती.

७/
ही झडप लक्षात ठेवावी. तिच्यामुळेच सेंट मार्टिनला लाकडे फोडता आली, ओझी उचलता आली, कुटुंबासह होडीतून हजारो मैलांचा प्रवास करता आला. छिद्र होते, पण त्यातून बाहेर काही लोंबत नव्हते आणि आतले बाहेर सांडत नव्हते.

८/
ब्यूमॉन्ट यांना त्या छिद्रात वेगळीच संधी दिसली. १८२५ पासून त्यांनी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून जठरात सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढले, जठररस काढून बाटलीत ठेवला. १८३३ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पचनक्रियेच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. सेंट मार्टिनला लिहिता येत नव्हते. या प्रयोगांसाठी झालेल्या करारावर त्याने केवळ फुली मारली. त्याचे पोट विज्ञानाची खिडकी झाले. खिडकीतून कोणी आणि केव्हा पाहावे, हे मात्र बहुतांशी त्याच्या हाती नव्हते.

९/
या उदाहरणानंतर वैद्यांपुढे प्रश्न उभा राहिला : अपघाताने झाले ते हेतुपुरस्सर करता येईल का? अन्ननलिका बंद झालेला रुग्ण भुकेने मरतो. मग त्याच्या जठरात थेट अन्न का घालू नये? १८३७ मध्ये नॉर्वेचे लष्करी शल्यवैद्य एगेबर्ग यांनी ही कल्पना मांडली. १८४९ मध्ये स्ट्रासबर्गच्या सेदियो यांनी शस्त्रक्रिया करून पाहिली. रुग्ण वाचला नाही. जंतुसंसर्गाचे ज्ञान नसलेल्या त्या काळात पोट उघडणे म्हणजे बहुधा मृत्यूच. पुढील पंचवीस-सव्वीस वर्षे अपयशांचीच होती.

१०/
१८७६ मध्ये पॅरिसमध्ये व्हर्नॉय यांना उल्लेखनीय यश आले आणि त्यांचा रुग्ण अवघा १७ वर्षांचा होता. दाहक पोटॅश चुकून पोटात गेल्याने त्याची अन्ननलिका आकसून बंद झाली होती. जठर पोटाच्या भिंतीला चांदीच्या तारेने जोडून छिद्र करण्यात आले आणि मुलगा जगला. पण इथेही तीच कथा. लवकरच शार्ल रिशे या तरुण संशोधकाने त्याच्या जठररसाचा अभ्यास सुरू केला. भूक भागली आणि त्याबरोबर खिडकीही उघडली गेली.

११/
१८९४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील मार्टिन स्टाम यांनी टाक्यांची सोपी पद्धत सांगितली. नळीभोवती जठराच्या भिंतीला गोलाकार टाके घालायचे आणि बटव्याची नाडी ओढावी तसे ते आवळायचे. भिंत नळीभोवती आत वळते आणि गळती कमी होते. ही पद्धत इतकी टिकाऊ ठरली की शल्यवैद्य ती आजही वापरतात. छिद्र आता जीव घेणार नव्हते. पण त्यातून रबराची लांब नळी बाहेर लोंबू लागली.

१२/
त्या काळात नळीसह वाढलेल्या एका मुलाची नोंद वैद्यकाच्या इतिहासात ‘टॉम’ या नावाने आहे. १८९५ मध्ये, नवव्या वर्षी, उकळत्या सूपचा घोट घेतल्याने त्याची अन्ननलिका कायमची बंद झाली. पोटावर छिद्र करण्यात आले. तो अन्न तोंडात चावे, चव घेई आणि मग नरसाळ्यातून ते जठरात सोडे. न चावता घातलेल्या अन्नाने पोट भरे, पण जेवल्याचे समाधान होत नसे.

१३/
टॉम मोठा झाला, त्याने संसार केला, अंगमेहनतीची कामे केली. पण छिद्र तो इतरांपासून लपवून ठेवी. १९४१ पासून न्यूयॉर्कमधील वुल्फ आणि वोल्फ या दोन वैद्यांनी त्याच्या जठराचा अभ्यास केला. राग आला की जठराचे अस्तर लाल होते, भीतीने ते फिकट पडते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. १९४३ मध्ये त्यावर ग्रंथ आला. सेंट मार्टिन, पॅरिसचा मुलगा आणि टॉम : तिघांची छिद्रे जगाला ठाऊक झाली, कारण कोणीतरी त्यांतून आत पाहिले. छिद्रासह जगणाऱ्याने स्वतः काय करावे, हा अभ्यासाचा विषय झाला नव्हता.

१४/
मुलाच्या दृष्टीने लांब नळीचे त्रास साधे होते, पण सतत होते. ती कपड्यात अडके. ओढली गेली तर निसटे. चिमटा सैल झाला तर जठरातले आम्ल बाहेर येई आणि कातडी भाजे. ती पोटाला चिकटपट्टीने बांधून ठेवावी लागे. अशा मुलाने कोलांटी मारावी कशी? पालक आणि शिक्षक म्हणत, ‘खेळू नकोस, नळी निघेल.’ त्यांची भीती खोटी नव्हती. मात्र त्या भीतीचे कारण नळीची लांबी हे होते, मुलाची दुर्बलता नव्हे.

१५/
मग क्लीव्हलँड शहर, १२ जून १९७९. बालशल्यवैद्य मायकेल गॉडरर आणि दुर्बिणीने तपासणी करणारे जेफ्री पॉन्स्की. दुर्बीण तोंडातून जठरात गेली की अंधाऱ्या खोलीत तान्ह्या बाळाच्या पोटावर तिचा प्रकाश दिसतो, मुठीत विजेरी धरल्यावर बोटे लाल उजळावीत तसा. उजेड दिसतो तेथे जठर कातडीच्या अगदी जवळ आहे. मग पोट उघडायचे कशाला? तेथेच सुई घालून, तिच्यातून दोरा आत सोडून, तोंडावाटे त्या दोऱ्याने नळी ओढून घ्यावी.

१६/
पहिला रुग्ण काही महिन्यांचे बाळ होते. १९८० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. आज सर्वत्र ‘पेग’ या नावाने ती ओळखली जाते आणि वृद्धांसाठी फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते, त्यामुळे तिचा जन्म लहान मुलांसाठी झाला हे सहसा विस्मरणात जाते. नाजूक बाळांना मोठ्या शस्त्रक्रियेतून आणि खोल भुलीतून वाचवणे, हा तिचा मूळ हेतू होता.

१७/
खरे वळण यापुढे आले. १९८४ मध्ये गॉडरर यांनी दोन सहकाऱ्यांसह एक छोटीशी वस्तू जगासमोर ठेवली : गॅस्ट्रोस्टॉमी ‘बटण’. कातडीच्या पातळीवर बसणारी, सदऱ्याच्या गुंडीसारखी. आत एकतर्फी झडप. जेवणाच्या वेळी बाहेरची नळी तिला जोडायची, जेवण झाले की काढून ठेवायची. एरवी झाकण बंद. लोंबणारे काही नाही, सांडणारे काही नाही. सेंट मार्टिनच्या देहाने स्वतःहून जे घडवले होते, ते माणसाच्या हातून घडायला सुमारे १६० वर्षे लागली.

१८/
बटणाने मुलाचा दिवस मोकळा केला. पोटाला छोटे पंप लावून रात्री झोपेत अन्न देण्याची पद्धत रुळली, तेव्हा दिवस आणखी मोकळा झाला. पुढे पंप पाठीवरच्या पिशवीत मावू लागले. नळीला बांधलेले मूल आणि गरजेपुरती नळी जोडणारे मूल, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

१९/
क्लीव्हलँडमध्येच त्या वर्षांत आणखी एक काम चालू होते. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना तीन महिने देखरेखीखाली धावायला लावले तर काय होते, याचा अभ्यास ओरेनस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची व्यायामक्षमता वाढली होती. एकाच शहरात, दोन वर्षांच्या अंतराने, एका गटाने अन्न आत नेण्याची वाट शोधली आणि दुसऱ्याने त्या अन्नाची शक्ती कशावर खर्चावी याचे उत्तर शोधले.

२०/
हे दोन्ही धागे पुढे एकत्र आले. १९८८ मध्ये बॉस्टन आणि टोरॉन्टो येथील सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. बॉस्टनमध्ये मध्यम आयुर्मान २१ वर्षे, टोरॉन्टोत ३०. ठळक फरक आहाराचा होता : टोरॉन्टोत स्निग्ध आणि भरपूर उष्मांकांचा आहार देत. १९९२ मध्ये १०९ रुग्णांच्या अभ्यासात दिसले की सर्वाधिक तंदुरुस्त गटातील ८३ टक्के आठ वर्षांनंतर हयात होते, सर्वांत कमी तंदुरुस्त गटातील २८ टक्के. व्यायामानेच आयुष्य वाढले असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु ‘आजारी मुलाने खेळू नये’ या जुन्या उपदेशाचा पाया यामुळे खचला.

२१/
ज्या मुलाला पुरेसे खाता येत नाही त्याने धावू नये, हे वरवर शहाणपणाचे वाटते. पण अन्नाची दुसरी वाट उपलब्ध असेल तर तर्क उलटतो. नळीमुळे धावण्यापुरती शक्ती मिळते आणि धावल्याने फुप्फुसे, स्नायू, भूक यांना बळ मिळते. अशा मुलांसाठी नळी ही खेळातली अडचण राहत नाही. ती खेळाची शिदोरी होते.

२२/
तरीही एक दार बंदच होते : परवानगीचे. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ ने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वामुळे भेदभाव करण्यास मनाई केली होती. त्यावरचे सुरुवातीचे काही खेळाविषयक खटले एकच मूत्रपिंड असलेल्या मुलांचे होते : १९८० मध्ये न्यू जर्सीतील एक कुस्तीपटू, १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एक फुटबॉलपटू. या खटल्यांत न्यायालयांचा रोख स्पष्ट होता. मुलाने व पालकांनी वैद्यकीय सल्ल्याने, समजून-उमजून धोका पत्करला असेल, तर केवळ काळजीपोटी शाळेने त्याला मैदानाबाहेर ठेवणे योग्य नाही.

२३/
१९८४ मध्ये, बटण प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे टेक्सासमधील आठ वर्षांच्या मुलीचा खटला आला. तिला दर तीन-चार तासांनी नळीने लघवी काढावी लागे. शाळा म्हणे, हे आमचे काम नाही. न्यायालय म्हणाले, ही साधी सेवा आहे, परिचारिका किंवा प्रशिक्षित व्यक्ती ती देऊ शकते. तिच्याविना मुलगी शाळेत बसूच शकत नसेल, तर ती शाळेनेच द्यायला हवी. नळी वेगळी होती, पण तत्त्व पोटातल्या नळीलाही लागू होणारे होते.

२४/
वर्ग उघडला, मैदान मात्र अर्धवटच. २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने नोंदवले की अपंग विद्यार्थी शालेय क्रीडास्पर्धांत इतरांपेक्षा कमी प्रमाणात भाग घेतात. २५ जानेवारी २०१३ रोजी शिक्षण खात्याने शाळांना पत्र पाठवले. संघातली जागा फुकट द्यावी असे त्यात नव्हते. निवड कौशल्यावरच व्हावी. पण एखाद्या आजाराविषयीच्या सरसकट समजुतीवरून कोणाला वगळू नये. मधुमेही मुलीला जिम्नॅस्टिक्सच्या वेळी साखर तपासून इन्सुलिन देण्यास मदत करावी, असे उदाहरणही त्यात होते.

२५/
नळीसह स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाची तयारी आज कशी असते? छिद्र पूर्ण भरून येईपर्यंत थांबणे. शर्यतीच्या तोंडावर पोट तुडुंब न भरणे. अन्नाच्या वेळा सरावाप्रमाणे बांधणे. उन्हात नळीवाटे पाणी देणे. धक्काबुक्कीच्या खेळात बटणावर पट्टा किंवा संरक्षक कवच बांधणे, तेही वैद्यांशी बोलूनच. आणि पिशवीत जादा बटण, सिरिंज व जोडनळी ठेवणे, कारण बटण निसटले तर छिद्र काही तासांत आकसू लागते. प्रशिक्षकाला हे आधी सांगितलेले असले की प्रसंग घबराटीचा न राहता पाच मिनिटांच्या कामाचा होतो.

२६/
येथे एक भेद करणे आवश्यक आहे. काही मुलांचा मूळ आजारच असा असतो की काही खेळ त्यांना खरोखर झेपत नाहीत. तिथे वैद्याचा नकार हा नकारच मानावा. पण तो नकार हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा हाडांचा असतो. पोटावरचे बटण हे एकटे कारण म्हणून क्वचितच पुरते. ‘नळी आहे, म्हणून नको’ आणि ‘तपासले आहे, म्हणून नको’ या दोन वाक्यांतील अंतर ओलांडण्यातच या इतिहासाचा बराच काळ गेला.

२७/
या कथेचा एक धागा भारताशीही जुळतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातील अनुच्छेद ३० म्हणतो की अपंग मुलांना खेळ आणि क्रीडेत, शाळेतही, इतर मुलांइतकीच संधी मिळावी. भारताने २००७ मध्ये हा करार स्वीकारला. त्यानुसार झालेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात क्रीडेविषयीचे कलमही योगायोगाने ३० वेच आहे. कागदावरचे दार उघडे आहे. क्रीडाशिक्षकाने पालकाकडे ‘बटण निघाले तर काय करायचे?’ असे विचारले की ते मैदानावरही उघडेल.

२८/
सेंट मार्टिन १८८० मध्ये क्वेबेकमध्ये वारला. वैद्यांना त्याच्या शवविच्छेदनाची इच्छा होती. कुटुंबाने देह मुद्दाम कुजू दिला आणि मग खोल खड्ड्यात पुरला, जेणेकरून कोणी तो उकरू नये. आयुष्यभर उघडी राहिलेली खिडकी घरच्यांनी अखेर बंद केली.

२९/
त्याच्या जठरातील मांसाचा तुकडा किती तासांत विरघळला, हे आज आपल्याला मिनिटांच्या हिशेबाने ठाऊक आहे. पोटाला छिद्र घेऊन दोन हजार मैल होडी नेताना त्याला काय वाटले, हे मात्र कोणी विचारले नाही. आज शर्यतीआधी स्वतःच्या हाताने बटणाचे झाकण लावून पाण्यात उतरणारी मुलगी ते सांगू शकते. इतिहासाने आता तिला विचारायला हवे.

(समाप्त)